नऊजणींची म्हैस

"तुझं सगळं पटतंय गं अक्का, पण मी निघाले तर म्हशीपाशी राहणार कोण?"

"घाल त्या म्हशीला खड्ड्यात."

"खड्ड्यात घालायला आधी ती बाहेर निघाली पाहिजे! दारातनं निघत नाही, खिडकीचं तर नावच नको. ती निघत नाही म्हणून मी निघत नाही. बोल, काय करू?"

"मला काय विचारतेस? मी आणली का म्हैस?" अक्का म्हणाली. "माझ्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात. शाळेतल्या एक बाई रोज दारात येऊन विचारतात, देता का म्हणून. महिनाअखेरपर्यंत त्यांना थोपवून धरते. पुढं मग माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत."

"आणि दुपारी?"

"दुपारी काय?"

"दुपारी दार लावून आडवं होता येईल?"

अक्कानं धाकट्या बहिणीकडं, म्हणजे आमच्या गल्लीच्या मावशीकडं, पाहिलं. तहान लागल्यावर पाणी पिता येईल का, असं कोणी विचारल्यावर बघावं तसं. "दार तुझं, कडी तुझी, दुपार तुझी. वाटलं तर तंगड्या भिंतीला लावून झोप. तिथं बघायला येतंय कोण?"

एवढ्यात दोघीजणी ओल्या चादरींची गाठोडी घेऊन न विचारता आत आल्या. एकीनं अक्काला "सरका जरा" म्हटलं. दुसरीनं मावशीसमोरचा पाण्याचा पेला उचलला, घटाघट प्याली आणि पालथा घालून ठेवला. अक्का उठली. "अकरा वर्षं हे असंच?" तिनं विचारलं. मावशीनं पेला सरळ केला.

म्हैस म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. ही म्हैस चारा खात नाही की शेण टाकत नाही. ओल्या चादरी खाते आणि कडक इस्त्रीच्या चादरी बाहेर सोडते. रोलरचं इस्त्रीयंत्र आहे ते. दोन माणसं उताणी झोपवली तर जेवढी जागा लागेल तेवढं लांब, ओतीव लोखंडाचं, खाली तापणारा जाडजूड नळा, वर नमद्यात, म्हणजे जाड लोकरी कापडात, गुंडाळलेला दुसरा. दोघींनी चादरीचे दोन कोपरे धरायचे, मधल्या फटीत घालायचे आणि बोटं वेळेवर मागं घ्यायची. वेळेवर नाही घेतली की काय होतं ते मावशीच्या हातांवर लिहिलेलं आहे. कोपरापर्यंत आडव्या भाजल्याच्या रेघा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या.

पूर्वी आमच्या गल्लीतल्या बायका आपापल्या घरी लॉजच्या चादरी धुवायच्या आणि हातइस्त्रीनं चोळत बसायच्या. कपडे आणून देणारा दलाल एकीला सांगायचा, "ती पलीकडची याहून कमीत करते," आणि पलीकडचीला हिचं नाव सांगायचा. दोघीही कमी करायच्या आणि एकमेकींशी बोलायच्या नाहीत. शेवटी गवंड्याच्या बायकोच्या डोक्यात उजेड पडला. तिला सगळे गवंडीणच म्हणतात. आवाज असा, की कुजबुजली तरी दोन घरं ऐकतात. ती म्हणाली, "नऊ घरांत नऊ कंबरा मोडतात आणि खातो तो दलाल. एकच मोठं यंत्र घेऊ, सगळ्याजणींचं. आणि लॉजवाल्यांशी आपणच बोलू."

एक दवाखाना आपली धोबीखोली बंद करत होता. तिथलं जुनं यंत्र मिळालं. कोणी कानातलं मोडलं, कोणी शेळ्या विकल्या, कोणी नवऱ्याच्या चोरून साठवलेलं बाहेर काढलं. नऊजणींची सारखी मालकी. कोणाचं मन दुखवून काही करायचं नाही, जे ठरेल ते सगळ्यांनी हात वर करून ठरवायचं. नियम तेवढाच.

मग प्रश्न आला, ठेवायचं कुठं?

जिभेला हाड नसतं म्हणतात. मावशीच्या जिभेला त्या दिवशी असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "माझ्याकडं ठेवा की. पुढची खोली मोकळीच असते."

यंत्र हातगाडीवरून आलं आणि दारात अडलं. वीतभर जास्त रुंद. चौकट काढली, तरी चार बोटं उरलीच. घरमालक अण्णा वरच्या मजल्यावर राहतात, ते नेमके मुलाकडं गेले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतणार होते. गवंडी म्हणाला, "भिंत फोडतो. अण्णा यायच्या आत परत लावतो." बोलल्याप्रमाणे केलं. रस्त्याकडची भिंत फोडली, बारा माणसांनी म्हैस आत ढकलली, आणि संध्याकाळच्या आत विटा चढवून, गिलावा करून, वर चुन्याचा हातही मारला. भिंत अशी गुळगुळीत की गवंडी दोनदा लांब जाऊन बघून आला.

आत कसं न्यायचं याचा विचार नऊ डोक्यांनी केला. बाहेर कसं काढायचं याचा एकाही डोक्यानं केला नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले, खाली डोकावले. "हे आत आलं कसं?"

"दारातनं," गवंडीण म्हणाली.

अण्णांनी काठी आणली. दार मोजलं. यंत्र मोजलं. परत दार मोजलं. काठी घेऊन वर गेले. आठवड्याभरानं त्यांच्या स्वयंपाकघराच्या फरशीला तडा गेला, तेव्हा त्यांना म्हैस कुठून आली ते कळलं.

आता नावं ठेवायची म्हटली तर म्हशीला ठेवता येत नाहीत. तिनं नऊ घरं उभी केली. दलाल गल्लीत फिरकायचा बंद झाला. एकीची मुलगी नर्स झाली, एकीच्या घरावर पत्र्याऐवजी स्लॅब पडला, एकीनं मारकुट्या नवऱ्याला घराबाहेर काढलं आणि स्वतःच्या जिवावर काढलं. एखादी आजारी पडली तर तिच्या वाटणीच्या चादरी बाकीच्या आठजणी ओढायच्या. एका बाळंतीण बाईच्या तर तीन महिने ओढल्या. हे सगळं खरं आहे आणि मावशीही ते कधी खोटं म्हणत नाही.

पण जे सगळ्यांचं असतं त्याची उस्तवार एकाच्याच गळ्यात पडते. पहाटे म्हैस तापवायची मावशीनं. नमद्यावर चादर चिकटू नये म्हणून मेणाचं फडकं फिरवायचं मावशीनं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, काम संपलं की नुसतं बंद करून चालत नाही. आच बंद केली तरी पोट थंड होईपर्यंत रोलर फिरवत ठेवावे लागतात, नाहीतर नमदा एकाच जागी करपतो. म्हणजे बायका सकाळचं काम उरकून बारा-एकला घरी जायच्या, आणि मावशी तासभर रिकाम्या फिरणाऱ्या म्हशीसमोर बसायची. थंड होते न होते तोवर संध्याकाळच्या गाठोड्यांची पहिली बाई दारात.

आणि चादरींपुरत्याच येतात थोड्या? खोली उबदार, म्हणून हात शेकायला येतात. सासूशी वाजलं की रडायला येतात. लॉजचा हातगाडीवाला चहा प्यायला येतो. दोघींचं भांडण लागलं तर ते सोडवायला इथंच येतात, म्हणजे भांडायला इथंच येतात. दार सताड उघडं. ठोठावतं कोण? आपल्याच मालकीच्या यंत्राला भेटायला जाताना कोणी दार ठोठावतं का?

मावशीचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. त्याचं टेबल मागच्या खोलीत होतं. म्हैस फिरायला लागली की टेबल थरथरायचं आणि तिळाएवढे स्क्रू आपणहून चालत कडेला जायचे. वर्षभर त्यानं सोसलं. मग नाक्यावरच्या वाण्याच्या पायऱ्यांशेजारी कोनाडा मिळाला, तिथं टेबल नेलं. बोलणं मोजकंच. "घरात तू आणि ती," तो म्हणायचा, "मी आपला येऊन-जाऊन."

मावशीची कंबर गेल्या दोन वर्षांत धरायला लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं, दुपारी तासभर सपाट पडा. मावशी हसली होती. डॉक्टरांना वाटलं, बाईला बरं वाटलं.

अक्काच्या खोल्या घड्याळजीनं एका रविवारी जाऊन पाहिल्या. आल्यावर त्यानं एवढंच सांगितलं, "खिडकीला उत्तरेचा उजेड आहे. टेबल तिथं लागेल." त्या माणसाच्या तोंडून हे म्हणजे लांबलचक भाषणच. त्याच दिवशी त्यानं आपली बारीक अवजारं मऊ फडक्यात गुंडाळून एका डब्यात भरून ठेवली.

मावशीनं नऊजणींची बैठक बोलावली. धुण्याच्या कट्ट्यावर सगळ्या जमल्या.

"मला जायचंय," ती म्हणाली. "म्हशीचं काय करायचं ते ठरवा."

आधी सगळ्या हसल्या. मग त्यांनी तिचं तोंड पाहिलं.

"सुटी करून काढू," एकजण म्हणाली. यंत्रवाल्या कारागिराला मावशीनं आदल्या दिवशीच बोलावून यंत्र दाखवलं होतं. त्यानं बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "ओतीव आहे. कापलं तर भंगार."

"भिंत परत फोडू," गवंडी म्हणाला. आपण बांधलेली भिंत फोडायची म्हणताना त्याचा चेहरा पडला होता. गवंडीण लगेच वर जाऊन अण्णांना विचारून आली. अण्णा म्हणाले होते, "पहिल्यांदा मला न विचारता फोडलीत. आता विचारताय, तर नाही. भाडेकरू बदला, माझी हरकत नाही. विटेला हात लावायचा नाही."

म्हणजे उरलं एकच. मावशी गेली तर नऊतल्या कोणीतरी त्या घरात येऊन राहायचं.

कट्ट्यावरच्या गळक्या नळाकडं सगळ्याजणी एकदम बघायला लागल्या.

"मावशीसारखं कोणाला जमणार बाई?" एकजण म्हणाली.

"तर काय! तिची माया वेगळीच."

"माया नको, माणूस द्या," मावशी म्हणाली.

"आलेच असते गं मी, पण आमच्या ह्यांना वाफ सोसत नाही."

"तुमच्या ह्यांना काम सोसत नाही," गवंडीण म्हणाली, "वाफेला कशाला बोल लावतेस?"

"मावशी, मधे जाडसा पडदा लावू या. मग दुपारी पड तू पडद्याआड."

"पडद्याला कडी असते का गं?"

एकीनं नवा पंखा देऊ म्हटलं, एकीनं वाटणीतला थोडा भाग जास्त देऊ म्हटलं. सगळ्याजणी मनापासून बोलत होत्या, तेच तर मावशीला सोसत नव्हतं. वाईट वागल्या असत्या तर चार शिव्या घालून निघता आलं असतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "आम्ही राहू."

गवंडिणीची धाकटी सून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूच्या वाटणीच्या चादरी तीच ओढायची. घरात तीन खोल्या आणि आठ माणसं, त्यात हिला आणि नवऱ्याला मधला बोळ मिळालेला. गवंडिणीनं वळून असं पाहिलं की दुसरी एखादी जागच्या जागी वाळली असती. पण मग गवंडिणीच्या डोळ्यांत हिशेब फिरला. दोन माणसं कमी झाली तर बोळ मोकळा होणार होता.

"बघ बाई," ती म्हणाली. "तुझ्या पायांनी जातेयस."

"आधी एकदा खोली बघते," सून म्हणाली. "उद्या दुपारी येऊ, मावशी?"

मावशीला रात्रभर गुदगुल्या झाल्या म्हटलं तरी चालेल. सकाळी कामावर आलेल्या एकेकीला तिनं बाजूला घेऊन सांगितलं, "आजच्या दिवस दुपारी कोणी फिरकायचं नाही. गाठोडं असो, रडणं असो, काही असो. तीन वाजेपर्यंत हे दार तुम्हाला माहीतच नाही." सगळ्यांनी शपथा घेतल्या. हा खोटेपणा आहे हे मावशीला पुरतं ठाऊक होतं. बघायला येणाऱ्यांना पोरगी सजवून-नटवून दाखवावी, तशी खोलीच दाखवतोय आपण. पण अकरा वर्षांच्या खरेपणानं काय दिलं होतं?

खोली झाडली. मेणाचे डाग खरवडले. आणि मग तिला कडी आठवली.

दाराला आतून कडी होती. अकरा वर्षांत ती एकदाही लावली नव्हती, रात्रीही दार नुसतं लोटलेलं असायचं. दोनदा दार रंगवलं तेव्हा कडीही रंगवली गेली होती, आणि आतल्या वाफेनं गंजून ती रंगाखाली फुगली होती. मावशीनं सुरीनं रंग खरवडला. कडी हलेना. ती नाक्यावर गेली.

"तेल द्या जरा."

घड्याळजीनं भिंगातून वर पाहिलं. "हे घड्याळाचं तेल आहे. ह्याच्यानं सेकंद सरकतात, कड्या नाही."

"द्या हो. उद्या उत्तरेच्या उजेडात बसाल."

त्यानं तीन थेंब दिले. जास्त मागितले तर देणारा माणूस नव्हे, पण तिसरा थेंब त्यानं जरा मोठा सोडला.

दुपारी सून आली. म्हैस रिकामी फिरत होती, संथ, घुरघुरत. खोलीत धुतलेल्या कापडाचा आणि गरम मेणाचा वास. बाहेर चिटपाखरू नाही.

"किती शांत आहे," सून म्हणाली.

"असंच असतं दुपारी," मावशी म्हणाली. म्हणताना तिनं म्हशीकडं पाहिलं, पोरीकडं नाही.

"आणि दार लागतं ना?"

"लागतं की."

मावशीनं दार लोटलं, दोन्ही हातांनी कडी धरली आणि सरकवली. सरकली. टक् असा आवाज झाला. सुनेच्या चेहऱ्यावरनं काहीतरी उतरलं, डोक्यावरचं गाठोडं उतरावं तसं. ती चादरींच्या ढिगावर बसली. "आमच्याकडं," ती म्हणाली, "कपडे बदलायचे तर मी दाराला पाठ लावून उभी राहते. तरी मधेच कोणीतरी ढकलतं."

"इथं कोण ढकलणार? हे बघ." मावशी नुसती दाखवायला म्हणून जमिनीवर चादर टाकून आडवी झाली. दाखवायला म्हणूनच. पण पाठ जमिनीला टेकली आणि कंबरेतला एकेक मणका आपापल्या जागी जाऊन बसला. तिनं डोळे मिटले. घुरघुर ऐकू येत होती. पोरीचा श्वास ऐकू येत होता. बाकी काही नाही. अकरा वर्षांत तिला हे छत या बाजूनं कधी दिसलं नव्हतं. डोळे उघडून तिनं ते पाहिलं. अण्णांच्या फरशीच्या तड्याची रेघ खालपर्यंत उतरली होती. बघायला तशी बरी होती.

पंधरा मिनिटं झाली असतील नसतील. लॉजचा हातगाडीवाला आला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं राहिलं हे मावशीच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यानं बंद दार पाहिलं आणि गाडी तशीच सोडून तो गल्लीत ओरडत सुटला.

"अहो, मावशीचं दार बंद आहे! दार बंद आहे!"

बंद दार. गल्लीतल्या कोणी ते दिवसा कधी पाहिलं नव्हतं. तीन वाजेपर्यंत न फिरकण्याच्या शपथा घेतलेल्या सातही बायका आपापल्या घरातनं अनवाणी धावल्या. खिडकीच्या गजांत एकावर एक तोंडं दिसायला लागली.

"मावशी! काय झालं?"

"काही नाही गं. आडवी झालेय."

"आडवी झालीय! अगं आडवी झालीय ती! डॉक्टरला बोलवा!"

"डॉक्टर कशाला? पाठ टेकलीय नुसती!"

"पाठ गेली म्हणतेय!"

मावशी उठली. चरफडत दारापाशी गेली आणि कडी ओढली. कडी जागची हलेना. सून आली, दोघींनी मिळून ओढली. तीन थेंबांनी कडी जेवढी सरकायची होती तेवढी सरकली होती. आता ती चौकटीत अशी बसली होती की जणू तिथंच जन्मली.

"उघड की गं!"

"उघडतेय! अडकलीय!"

"अडकली! आत अडकली!"

सून आधी हसत होती. मग तिनं खिडकीकडं पाहिलं. आता तिथं नऊ-दहा तोंडं होती, त्यातलं एक तिच्या सासूचं. सगळी एकदम बोलत होती आणि आत बघत होती. सून हसायची थांबली आणि तिनं नकळत भिंतीला पाठ लावली.

नाक्यावरनं घड्याळजी आला. त्यानं गजांतून आपला चिमुकला हातोडा आत दिला. त्यानं कडी हलली नाही, हातोड्याचाच दांडा निघाला. "तीन थेंब पुरत नाहीत, बोललो होतो," तो म्हणाला.

"बोलला नव्हतात!" मावशी आतून ओरडली.

शेवटी गवंडी पहार घेऊन आला. पहिला दणका दिला तसे वरून अण्णा ओरडले, "भिंत फोडताय का रे?"

"नाही अण्णा," गवंडी म्हणाला. "या वेळी दार."

तिसऱ्या दणक्याला कडी लाकडाच्या ढलपीसकट उपटून आत पडली, दार उघडलं आणि गल्ली आत आली. एकीनं मावशीला कवटाळलं, एकीनं कपाळाला हात लावून ताप बघितला, कोणी पाणी आणलं, हातगाडीवाला खाली बसून धापा टाकायला लागला. मावशी धडधाकट आहे अशी सगळ्यांची खात्री झाली, तरी कोणी हललं नाही. आलोच आहोत तर म्हणून दोघींनी आपली गाठोडीही आणली. गवंडीण भिंतीला टेकून बसली आणि कुजबुजली, म्हणजे सगळ्या गल्लीला सांगितलं, "जीव थाऱ्यावर नव्हता बघ माझा."

सून दारापाशी उभी होती. मावशी तिच्याजवळ गेली. तिला काहीतरी बोलायचं होतं, आजचा दिवस धरू नकोस, रोज असं नसतं, असं काही. जीभ वळली नाही. या खेपेला जिभेला हाड होतं.

"मावशी," सून हळूच म्हणाली, "माझ्या सासरी आठ माणसं आहेत. पण ती आठच आहेत." आणि ती निघून गेली.

महिना संपला. अक्काच्या खोल्यांत शाळेतल्या बाई राहायला आल्या. अक्कानं निरोप पाठवला, दुपारी माझ्याकडं येऊन झोपत जा. बसनं जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, आणि म्हैस थंड व्हायला एक तास. घड्याळजीनं डब्यातली अवजारं फडक्यातनं सोडवून परत नाक्यावर नेली. काही बोलला असता तर मावशीला जरा बरं वाटलं असतं.

पुढच्या बैठकीत गवंड्यानं विचारलं, मावशीच्या दाराला नवी कडी बसवायची का?

"नको बाई," गवंडीण म्हणाली. "परत आत अडकली तर? यंत्र तापलेलं, ती एकटी, आम्ही बाहेर. आमच्या जिवाला घोर."

"खरंच. कडी नकोच."

"मावशीच्याच भल्यासाठी गं."

हात वर झाले. गवंडिणीनं मोजले. नऊ. मावशीनं मान वळवून पाहिलं, तर नववा तिचाच होता. अकरा वर्षांची सवय. सगळ्यांचे वर गेले की तोही जातो. तिनं तो खाली घेतला, पण तोवर ठरून गेलं होतं.

गवंड्यानं कडीची भोकं लांबीचा लगदा भरून बुजवली आणि वरून रंगाचा हात मारला. काम नेहमीसारखं चोख. कुठं कडी होती ते आता बोट फिरवूनही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशीनं आच पेटवली. नमद्यावर मेणाचं फडकं फिरवलं. कंबरेला पट्टा बांधला. उजाडलं तशी गवंडिणीची सून पहिलं गाठोडं घेऊन आली, दार लोटून सरळ आत. दोघींनी एकमेकींकडं क्षणभर पाहिलं. मग मावशीनं ढिगातली वरची चादर झटकली.

"बघत काय बसलीस? धर कोपरा. आणि बोटं सांभाळ."